नऊ लाखांचे तीन महिने की दरमहाचे दहा हजार?

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका आईचं पत्र आहे. चार वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी. डॉक्टरांच्या कागदावर ‘स्पास्टिक डायप्लेजिया, जीएमएफसीएस तीन’ असं लिहिलंय, म्हणजे दोन्ही पाय ताठर आणि चालायला हातात धरायचा आधार लागणार. पती तुयेच्या कारखान्यात आहेत, हातात ३८,००० येतात. बाई बालवाडीत शिकवतात, १६,५०० मिळतात. घरात नऊ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. घरखर्च ३६,०००, दुचाकीचा हप्ता ३,८००, विम्याची एक पॉलिसी २,९००, आठवड्याला दोनदा फिजिओथेरपीचे ४,३००. महिन्याला साडेसात हजार उरतात. ठेवी साडेसहा लाखांच्या: साडेचार बँकेत, दोन पतसंस्थेत. मुंबईतलं एक केंद्र तीन महिन्यांचं ‘इन्टेन्सिव्ह’ पॅकेज देतंय. रोज चार तास व्यायाम आणि स्टेम सेलची तीन इंजेक्शनं, ७,८०,००० रुपये. तिथल्या खोलीचं भाडं आणि बाईंची बिनपगारी रजा धरली की ९,२५,००० होतात. सगळ्या ठेवी मोडून वर पावणेतीन लाखांचं सोनेतारण कर्ज काढायचं घरात चाललंय. बाई विचारतात, ‘काढू का?’

ताई, पॅकेज घेऊ नका. ठेव मात्र मोडा, सगळी नाही, पतसंस्थेतली तेवढी. का ते सांगते.

तुम्ही लिहिलंय, ‘पाच वर्षांच्या आत जे होईल ते होईल, नंतर पैसे असून काय उपयोग?’ हे वाक्य मी तीनदा वाचलं. त्यात खरं आहे, आणि म्हणूनच त्याचा धाक घालून पैसे काढणं सोपं जातं. कॅनडातल्या ऑन्टारिओमध्ये ६५७ मुलांच्या हालचालींची वर्षानुवर्षं मोजदाद झाली आणि तिचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. उठणं, बसणं, चालणं यांत ही मुलं जिथवर जाणार असतात, त्याचा जवळपास ९० टक्के टप्पा ती पाच वर्षांच्या आतच गाठतात. मग घाई नको का? हवी. पण त्याच अभ्यासाने दाखवलं की तिसऱ्या पातळीतलं, म्हणजे तुमच्या कागदावरच्या ‘जीएमएफसीएस तीन’मधलं मूल सहसा वॉकर किंवा काठीच्या आधारानेच चालतं. केंद्राच्या माहितीपत्रकात ‘स्वतंत्र चालणं’ असं छापलंय ना? तुमच्या मुलाचे कागद हातात असूनही ते तसं म्हणत असतील, तर ते लेखी मागा. देतात का बघा.

आता त्या ७,८०,००० चे दोन तुकडे करून घ्या. इंजेक्शनांचे किती आणि व्यायामाचे किती, असं स्वतंत्र बिल मागा. इंजेक्शनांच्या तुकड्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की रक्ताच्या काही ठरावीक आजारांमधलं प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेलचा वापर हा प्रयोगच आहे आणि तो मंजूर चाचणीबाहेर करू नये. सेरेब्रल पाल्सी त्या ठरावीक आजारांत येत नाही. आणि चाचणीच असेल, तर प्रयोगाच्या औषधाचे पैसे मुलाच्या आईबापांकडून घ्यायचे नसतात. म्हणजे पैसे मागतायत, एवढ्यावरच उत्तर मिळालं.

व्यायामाचा तुकडा वेगळा. तो फसवा नाही. भरपूर सराव उपयोगी पडतो, पण कोणता सराव ते महत्त्वाचं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधक आयोना नोवाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये या मुलांवरच्या उपचारांचे सगळे पुरावे चाळून मांडले. त्यात मुलाने स्वतः करायच्या, ठरवून निवडलेल्या कामाचा सराव आणि घरी आखून दिलेला व्यायाम हे वरच्या रांगेत आले. थेरपिस्टने हातपाय हलवायचे आणि मुलाने नुसतं पडून राहायचं, हा प्रकार मागे पडला.

तुमच्या पत्रात एक ओळ आहे, जी तुम्ही सहज लिहून गेलात. ‘संध्याकाळी मी दिवा लावते तेव्हा तो रांगत येतो आणि तुळशीवृंदावनाचा कठडा धरून उभा राहतो, दिवा दिसेपर्यंत.’ ताई, हाच तो सराव. इथे त्याला उभं राहायचं कारण आहे. तुमच्या डिचोलीच्या फिजिओला हे सांगा आणि तिथूनच पुढची पायरी आखून घ्या. आज कठडा धरून किती वेळ, पुढच्या महिन्यात एक हात सोडून, मग ओसरीवरून वॉकरने वृंदावनापर्यंत. मुंबईच्या भाड्याच्या खोलीत वृंदावन नाही, बहीण नाही, आजी नाही. तीन महिने थोरलीपासून लांब राहणं हा खर्च तुमच्या हिशेबात मला कुठेच दिसला नाही.

माझ्याकडे सिंधुदुर्गातलं एक कुटुंब आलं होतं. त्यांनी असंच पॅकेज घेतलं होतं. परत आले तेव्हा खातं रिकामं आणि कर्जाचे हप्ते सुरू. वर्षभर आठवड्याची थेरपी बंद. मुलगा वाढत होता, जुना एएफओ, म्हणजे पाऊल आणि घोटा धरून ठेवणारा साचा, घोट्यावर रुतत होता, आणि नव्यासाठी पैसे नव्हते म्हणून तो घालणंच सोडून दिलं. टाच जमिनीला टेकेनाशी झाली होती. मी त्यांचा हिशेब मांडायला बसले आणि मांडायला काही उरलंच नव्हतं. तुमचं पत्र वाचताना तो मुलगा डोळ्यांसमोर आला, म्हणून इतकं लांबण लावतेय.

कारण हा खर्च लग्नासारखा एकदाचा नाही, किराण्यासारखा आहे. मेंदूची इजा वाढत नाही. पण हाडं वाढतात आणि ताठर स्नायू त्या वेगाने लांबत नाहीत. म्हणून उंची वाढायची थांबेपर्यंत, सोळा-अठरा वर्षांपर्यंत, पाय ताणणं, एएफओ, वॉकर हे चालूच राहणार. सात-आठ वर्षांच्या पुढे स्नायू किंवा हाडांची शस्त्रक्रिया लागू शकते. आज सगळ्या ठेवी संपवल्या तर त्या दिवशी काय करणार?

तुम्ही दिलेल्या दरांवरूनच वर्षाचा खर्च मांडते. आठवड्याला दोनऐवजी तीन सेशन, ५०० रुपयांप्रमाणे वर्षाचे ७८,०००. एएफओची जोडी १४,०००. येणंजाणं १२,०००. तपासण्या आणि औषधं ८,०००, लहानसहान साधनं ७,०००. बेरीज १,१९,०००, म्हणजे महिन्याला साधारण दहा हजार. पॅकेजच्या पैशांत हे पावणेआठ वर्षं चालतं. थेरपीला तुम्ही आजच महिन्याला ४,३०० देता, तेव्हा वाढीव बोजा ५,६०० चा. शिलकेतून निघतो, ओढाताण होऊन का होईना. दुचाकीचा हप्ता आठ महिन्यांत सुटेल तेव्हा श्वास मोकळा होईल.

एएफओबद्दल एक. ‘थोडा मोठा करून घेऊ का, दोन वर्षं जाईल’ असं तुम्ही विचारलंय. शाळेच्या बुटांत चालतं ते इथे नाही. सैल एएफओत टाच वर सरकते आणि ज्यासाठी तो घातला तेच होत नाही. पट्टा काढल्यावर टाचेवरचा लाल डाग अर्ध्या तासातही जात नाही, असंही लिहिलंय. तसं असेल तर तो आताच लहान झालाय किंवा कुठेतरी घासतोय. ज्यांनी बनवला त्यांच्याकडे याच आठवड्यात घेऊन जा. या १४,००० मध्ये काटकसर करू नका, बाकी कुठेही करा.

आणि एक गोष्ट तुमच्या यादीत नाहीच: खुब्यांचा एक्स-रे. सेरेब्रल पाल्सीच्या साधारण एक तृतीयांश मुलांत खुब्याचा सांधा हळूहळू खोबणीतून सरकतो, आणि सुरुवातीला दुखतही नाही. ठरावीक काळाने एक्स-रे काढत राहिलं तर ते वेळेत कळतं. उशिरा कळलं तर मोठी शस्त्रक्रिया. इतक्या कमी पैशांत इतकं मोठं नुकसान टाळणारी दुसरी गोष्ट मला तुमच्या कागदांत सापडली नाही. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जाल तेव्हा हाडांच्या डॉक्टरांना हे आधी विचारा.

आता ठेवींचं. पतसंस्थेतले दोन लाख मोडा. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. या मुलाचे पैसे तिथे नकोतच. त्यातले पाऊणएक लाख घरावर घाला: पायऱ्यांच्या बाजूने उतार, न्हाणीघरात धरायला दांडे, कमोड, चांगला वॉकर. राहिलेले सव्वा लाख दुसऱ्या बँकेत वेगळ्या खात्यात, फक्त थेरपीसाठी. ज्या महिन्यात शिल्लक पुरणार नाही, त्या महिन्यात तिथून घ्या. बँकेतल्या साडेचार लाखांना हात लावू नका. दीड लाख अडीअडचणीला, तीन लाख पुढच्या शस्त्रक्रियेसाठी. सोनं घरातच राहू दे.

नोकरी सोडायचा विचारही बाजूला ठेवा. १६,५०० गेले तर वरचा सगळा हिशेब कोसळतो. घरचा व्यायाम दिवसभर करायचा नसतो. अंघोळ, जेवण, दिवाबत्ती यांतच तो बसवायचा असतो, आणि निम्मा आजीला शिकवता येतो.

सगळ्यात आधी मात्र पतीचा एक कोटीचा टर्म विमा. आज त्यांना काही झालं तर या घरात काय उरतं, हे मांडून बघितलंत? पस्तिशीतल्या, तंबाखू न खाणाऱ्या माणसाला महिन्याला हजार-बाराशेच्या आसपास पडतो. दुचाकीचा हप्ता सुटला की तुमचाही काढा. २,९०० च्या पॉलिसीचे कागद मला पाठवा, ती चालू ठेवायची की नाही ते बघून सांगेन. भावोजींनी सुचवलेली ८०डीडीची, म्हणजे दिव्यांग मुलाच्या खर्चासाठी करात मिळणारी, ७५,००० ची वजावट तुमच्या कामाची नाही. ती जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि पतीच्या पगारावर नव्या प्रणालीत तसाही कर लागत नाही. त्या नावाखाली कुणी पॉलिसी विकत असेल तर घेऊ नका.

सरकारी कागद भराभर सांगते. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आधी; बाकी सगळं त्यावर चालतं. मग नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय आरोग्य विमा योजना: वर्षाला काही शे रुपयांत एक लाखापर्यंतचं संरक्षण, आणि त्यात थेरपीच्या खर्चाचाही काही भाग येतो. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून दिव्यांगांना दरमहा मदत मिळते, अर्ज करा. तुमच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा कार्डावर पाच जणांच्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते रुग्णालयातल्या उपचारांसाठी. आठवड्याची थेरपी त्यात धरू नका.

राहिली पेडण्याची जमीन. सासूबाई मनापासून म्हणतात, ‘माझा वाटा विका, नाहीतर नातवाच्या नावावर करा.’ मोपाच्या विमानतळानंतर दलाल दारात येतात हे मी जाणते. पण सासऱ्यांच्या मागे इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांची आणि मालमत्तेची कायदेशीर नोंद आणि वाटणी, झालेली नाही. गोव्याच्या कायद्यात अर्धा हिस्सा सासूबाईंचा, उरलेला सगळ्या मुलांचा, आणि विकायला सगळ्यांच्या नवराबायकोंसकट सह्या लागतात. घाईत विकायला निघालात तर भाव पडेल आणि नणंदा-दिरांशी वाकडं येईल. नातवाच्या नावावर करणंही आज नको. अठरानंतर त्याला व्यवहारात मदत लागली, तर नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून पालकत्व घ्यावं लागेल. आणि तुम्ही दोघांनी मृत्युपत्र केलंत तरी इथे सगळं एकाच अपत्याला देता येत नाही. निम्म्यावर दोन्ही मुलांचा हक्क असतो, उरलेलं निम्मं मात्र तुम्ही त्याच्यासाठी ठेवू शकता. इन्व्हेंटरी तेवढी सुरू करा, चवथीला सगळे घरी जमतात तेव्हा विषय काढा.

केंद्राने ५०,००० आगाऊ मागितलेत आणि ‘शनिवारपर्यंत जागा राखून ठेवतो’ म्हटलंय, असं तुम्ही ताजा कलममध्ये लिहिलंय. भरू नका. भरले असतील तर आजच लेखी परत मागा आणि त्या पत्राची प्रत मला पाठवा. शनिवारी मुलाला घेऊन फिजिओकडे जा, एएफओ बरोबर न्या, आणि वृंदावनाचा कठडा जमिनीपासून किती उंच आहे ते मोजून न्या.