अ‍ॅडसेन्सचा नकार आणि संपर्काचं पान

प्रश्न : मी सेलू तालुक्यातला (जि. परभणी). परभणीला बी.एस्सी. कृषीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वर्षभरापासून सोयाबीन, कापूस आणि तुरीवर मराठी वेबसाइट चालवतो. अ‍ॅडसेन्ससाठी (वेबसाइटवर जाहिराती दाखवून पैसे देणारी गूगलची सेवा) दोनदा अर्ज केला, दोन्ही वेळा ‘लो व्हॅल्यू कंटेंट’ (वाचकाला फारसा उपयोग नसलेला मजकूर) म्हणून रिजेक्ट झाला. संपर्काचं पान टाकलं की अ‍ॅप्रूव्हल मिळतं असं एका व्हिडिओत ऐकलं, म्हणून तेही टाकलं. तिसऱ्यांदा अर्ज करू का? अण्णा म्हणतात, हा नाद सोड आणि एमपीएससीचा अभ्यास कर.

उत्तर :

मित्रा,

पत्र आलं त्याच संध्याकाळी तुझी वेबसाइट मोबाइलवर उघडली. चक्रीभुंग्याचा लेख मन लावून वाचला. सोयाबीनच्या देठावरच्या दोन गोल खाचा आणि देठ चिरून दाखवलेली आतली अळी, हे फोटो तुमच्याच वावरातले आहेत हे बघताक्षणी कळतं. पण खाली औषधाचं प्रमाण तू नुसतं मिलीमध्ये दिलंयस. ते एक लिटर पाण्याला की दहा लिटरला, हे कुठेच लिहिलेलं नाही. पंप भरून बांधावर उभ्या असलेल्या माणसाने काय समजायचं?

हे तुला कळवावं म्हणून मी संपर्काचं पान उघडलं. तिथे कुठून तरी उचललेला इंग्रजी परिच्छेद होता, आणि जिथे तुझा ईमेल हवा तिथे ‘तुमचा ईमेल इथे लिहा’ ही सूचना तशीच राहिलेली. फॉर्म भरून पाठवला, तर ‘धन्यवाद’सुद्धा आलं नाही. तुझं पत्र हाती नसतं तर ती चूक तुझ्यापर्यंत पोचवायला मला वाटच नव्हती.

तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथे दिसतं. संपर्काचं पान ही अ‍ॅडसेन्सच्या पात्रतेची लेखी अट नाही. मजकूर तुझा स्वतःचा हवा, धोरणं पाळलेली हवीत आणि वय १८ पूर्ण हवं, या मूळ अटी. गोपनीयता धोरण मात्र लागतंच, कारण जाहिरातींसाठी वाचकाच्या ब्राउझरमध्ये कुकीज (त्याची ओळख ठेवणाऱ्या छोट्या नोंदी) ठेवल्या जातात आणि ते त्याला सांगणं तुझ्यावर बंधनकारक आहे. संपर्काचं पान या साइटमागे कोणीतरी उभं आहे हे दाखवतं, म्हणून ते उपयोगी. पण मागे खरंच कोणी असेल तरच.

आता ते पान कसं लिहायचं. मराठीत लिही, तुझा वाचक मराठी आहे. साधारण असं : ‘ही वेबसाइट मी सेलू तालुक्यातून चालवतो. मी कृषी पदवीचा विद्यार्थी आहे, तज्ज्ञ नाही. लेखात चूक दिसली तर कळवा, तपासून दुरुस्त करीन आणि दुरुस्तीची तारीख लेखाखाली टाकीन. उत्तराला दोन-तीन दिवस लागतात, परीक्षेच्या काळात जास्त.’ खाली तुझं नाव आणि फक्त वेबसाइटसाठी काढलेला वेगळा ईमेल. घरचा मोबाइल नंबर टाकू नकोस, अण्णांना दिवसभर फोन येतील. व्हॉट्सअ‍ॅप द्यायचंच असेल तर वेगळं सिम घे.

फॉर्मला नाव, तालुका, प्रश्न आणि उत्तर पाठवायला ईमेल किंवा मोबाइल एवढे चार रकाने पुरेत. मोबाइल नंबरच सक्तीचा ठेवू नकोस. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालाय, तेव्हा जी माहिती घेशील ती कशासाठी घेतोस हे फॉर्मच्या वरच एका ओळीत लिहून ठेव. मग दुसऱ्याच्या मोबाइलवरून स्वतःला एक निरोप पाठव. तो इनबॉक्सात येतो की स्पॅममध्ये पडतो, हे बघितल्याशिवाय काम झालं असं समजू नकोस. पानाची लिंक मेनूत आणि प्रत्येक पानाच्या तळाशी दे. आणि मंजुरी मिळाल्यावर या पानावर जाहिरात लावू नकोस. ज्या पानावर वाचण्याजोगा मजकूर नाही, तिथे जाहिराती चालत नाहीत.

नकाराचं खरं कारण मात्र दुसरीकडे आहे. तुझ्या साइटवर निम्म्याहून जास्त पानं रोजच्या बाजारभावाची आहेत, आणि तेच आकडे दहा ठिकाणी मिळतात. ती पानं काढून टाक. जीव तुटतो, माहीत आहे, वर्षाची मेहनत आहे. पण आडतीवर सोयाबीनचा ओलावा कसा मोजतात, हमीभावाच्या केंद्रावर १२ टक्क्यांची अट असताना माल परत का येतो, त्या दिवशी भाड्याच्या टेम्पोचं काय होतं, हे तू डोळ्यांनी पाहिलेलं लिहू शकतोस. ते दुसऱ्या साइटवर मिळणार नाही. संपर्काचं पान इथे कामाला येतं. जिंतूरचा कोणी विचारील, मानवतचा कोणी विचारील, आणि तोच प्रश्न तुझा पुढचा लेख होईल. उत्तर येत नसेल तर वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ तुझ्या शहरातच आहे. कीटकशास्त्राच्या सरांना जाऊन विचार आणि मग लिही.

भाषेची अडचण नाही, अ‍ॅडसेन्स २०१८ पासून मराठी स्वीकारतं.

पैशाचं अण्णांना स्पष्ट सांग. खात्यात १०० डॉलर झाल्याशिवाय रक्कम मिळत नाही, आणि मराठी शेती साइटवर तेवढे व्हायला काही महिने सहज जातात. १० डॉलर झाले की पत्ता तपासण्यासाठी पिन असलेलं पत्र टपालाने येतं. पिन चार महिन्यांत भरला नाही तर जाहिराती थांबतात. होस्टेलची खोली दर वर्षी बदलते, म्हणून गावचा पत्ता दे : गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिनकोड. पोस्टमनकाकांना आधीच सांगून ठेव. खात्यावरचं नाव बँकेतल्या नावाशी तंतोतंत जुळू दे. आणि मित्रांना जाहिरातीवर क्लिक करायला कधीही सांगू नकोस, त्याने खातं कायमचं बंद होऊ शकतं.

अण्णांचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. कृषी सेवेची परीक्षा दे, अभ्यासाचे तास आधी ठरव. साइटला रविवारची सकाळ पुरे. पण नाद म्हणून ती सोडू नकोस. शेतकऱ्याला समजेल असं मराठीत लिहिता येणं, आलेल्या प्रश्नाला जबाबदारीने उत्तर देणं, हे कृषी विस्ताराचंच काम आहे. बियाणे कंपन्या, शेतकरी उत्पादक कंपन्या, कृषी मासिकं यांना अशी माणसं लागतात. मुलाखतीला जाशील तेव्हा ही साइट उघडून दाखव, जाहिराती असोत वा नसोत.

तिसरा अर्ज आत्ता नको. आधी चक्रीभुंग्याच्या लेखातलं प्रमाण लेबल बघून आजच दुरुस्त कर, पेरणीपर्यंत थांबू नकोस. मग फॉर्म नीट कर. पुढच्या रविवारी मी त्याच फॉर्ममधून तुला पुन्हा लिहीन, उत्तर दे.