खुसखुशीत: आधी स, मग श

शहापूरच्या एका ताईंनी विचारलंय. खाऱ्या पुऱ्यांच्या डब्यावर त्यांच्या लेकीनं चिठ्ठी चिकटवली, 'खुसखुसीत पुऱ्या'. ताईंनी 'खुसखुशीत' असं दुरुस्त केलं, तर ती म्हणाली, "एकदा स आणि एकदा श, असं का गं? आणि नुसतं कुरकुरीत लिहिलं तर काय बिघडतं?"

पहिल्याचं उत्तर लगेच देता येतं. 'खुसखुस'ला 'ईत' जोडला की शेवटच्या स पुढे ई येते, आणि आपल्या घरगुती शब्दांत ई आली की स चा श होतो. म्हैस–म्हशी, तुळस–तुळशी, तसंच लुसलुस–लुसलुशीत, रसरस–रसरशीत, घसघस–घसघशीत. आधीच्या स पुढे ई नाही, म्हणून तो जागचा हलत नाही. 'कुरकुर'मध्ये स च नाही, मग 'कुरकुरीत' सरळ.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र परातीत आहे. दोन वाट्या मैदा, ओवा, मीठ, आणि वरून चार मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन. चर्र आवाज विरला की दोन्ही हातांनी चोळायचं. पिठाची मूठ वळली की मोहन बेताचं पडलं. तेलानं माखलेल्या कणांना पाणी लागलं तरी त्यांचा चिवट ताणा नीट धरत नाही. घट्ट मळून, लाटून, फुगू नये म्हणून काट्यानं टोचे मारून मंद आचेवर तळलेली पुरी दोन बोटांत सहज मोडते आणि तोंडात विरते. ही खुसखुशीत. मोहन कमी आणि लाटणं पातळ, तर दाताखाली कुरुम वाजते, ती कुरकुरीत. मोहनाचा हात फारच सैल सुटला तर अनारशासारखी कढईतच हसते, म्हणजे तेलात फुटून विरते, आणि ते हसू करणाऱ्याला परवडत नाही.

म्हणून करंजी, शंकरपाळी, चिरोटे खुसखुशीत. पापड, कांदाभजी, डोशाची कड कुरकुरीत. कुरकुरीत म्हणजे कमअस्सल असं नव्हे. पण आमच्या घरी 'कुरकुरीत झाल्यात' हे करंजीला म्हटलं की आई मोहनाचं माप विचारायची. शेजारच्या कन्नड घरात कुरकुरीतला 'गरिगरि' म्हणतात आणि असल्या येताजाता खायच्या जिनसांना 'कुरुकलु तिंडी'. आवाजावरून शब्द पाडायची खोड दोन्ही भाषांना आहे.

खाण्याबाहेर हे दोघे अगदीच वेगळे होतात. विनोदी लेखाला खुसखुशीत म्हणा, लेखक खूश. कुरकुर मात्र सासरी, कचेरीत, कुठंही तक्रारच.

लेकीला आणखी एक शब्द द्या. डब्याचं झाकण सैल राहिलं तर पुरी ना खुसखुशीत, ना कुरकुरीत. ती सादळते. बेळगावच्या पावसात हा शब्द फार कामाला येतो.