देमार सिनेमातली ‘नायिका’ की ‘स्त्री-नायक’?

प्रश्न असा आलाय : “मी एका ॲक्शन फिल्मचं परीक्षण लिहिलं. त्यात ‘या देमार सिनेमाची नायिका चालत्या गाडीच्या टपावर चार गुंडांना लोळवते’ असं वाक्य होतं. ज्यांनी मजकूर तपासला त्यांनी ‘नायिका’ खोडून ‘स्त्री-नायक’ केलं, म्हणाले नायिका म्हटलं की गाणी म्हणणारी डोळ्यासमोर येते. ‘देमार’ पण काढलं आणि ‘साहसपट’ घातलं. बरोबर कोणाचं?”

माझ्या मते दोन्ही ठिकाणी तुमचंच बरोबर आहे. पण तपासणाऱ्यांची पहिली शंका अगदीच वाऱ्यावर सोडण्यासारखी नाहीये, तिच्यात तथ्य आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ‘देमार’ उरकून घेऊ. हा शब्द गावंढळ वाटतो म्हणून लोक टाळतात, पण तो घडलाय बघा किती छान. दोन धातू शेजारी ठेवून शब्द करायची आपल्याकडे जुनी सवय आहे, धरसोड, उठबस, चालढकल, ये-जा, ने-आण, आणि त्यातले काही सरळ विशेषणासारखे चालतात, ‘धरसोड वृत्ती’ म्हणतो तसं ‘देमार सिनेमा’. फरक एवढाच की धरसोडमध्ये धरणंही आहे आणि सोडणंही आहे, देमारमध्ये देण्याचा काही संबंध नाही. हा ‘दे’ म्हणजे ‘दे दणका’, ‘दे टोला’ यातला दे, जोर लावायला सांगणारा. माझ्या कानाला तर ती पडद्यावरच्या माणसाची भाषा वाटतच नाही, पिटातल्या प्रेक्षकाची आरोळी वाटते. म्हणजे सिनेमाच्या प्रकाराला नाव दिलंय ते बघणाऱ्याच्या तोंडातलं. असा शब्द हातात असताना तो काढून टाकायचा का?

आणि ‘साहसपट’ हा त्याचा सोवळा पर्याय नाहीच, ती वेगळी गोष्ट आहे. साहस म्हटलं की आज आपल्याला गिर्यारोहण, समुद्र, जंगल, खजिन्याचा नकाशा असलं काहीतरी आठवतं आणि एक ठोसा न मारता अख्खा साहसपट होऊ शकतो. उलट देमारला प्रवास लागत नाही, एक गोडाऊन आणि रिकामी पिंपं असली तरी भागतं. गंमत म्हणजे मुळात साहस हा शब्दच मारामारीचा होता. सहस् म्हणजे बळ, आणि बळाने केलेलं ते साहस. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात साहस हा चक्क गुन्हा आहे, मालकाच्या डोळ्यादेखत जबरदस्तीने केलं तर ते साहस आणि त्याच्या पाठीमागे केली तर चोरी, असा भेद तिथे केलाय. दंडाच्या पायऱ्यांनाही तेच नाव, प्रथम साहस म्हणजे २५० पण (‘पण’ हे तेव्हाचं नाणं), मध्यम ५००, उत्तम १०००. ‘नसतं साहस करू नकोस’ असं आई म्हणते तेव्हा तो जुना नापसंतीचा सूर अजून ऐकू येतो. पण आजच्या वाचकाला हे काही आठवणार नाही, त्याला साहसपट म्हटलं की डोंगरच दिसणार, तेव्हा तुमच्या टपावरच्या मारामारीला देमारच बरं.

तिसरा शब्द ‘स्टंटपट’. तो १९२०-३० च्या काळातल्या सिनेमांबद्दल लिहिताना जरूर वापरावा, कारण धंद्यातच तो शब्द होता. कोल्हापुरातून बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून पुढे आलेले मास्टर विठ्ठल हे मुंबईत शारदा स्टुडिओच्या मूकपटांत तलवारबाजी करून स्टार झाले आणि १९३१ साली पहिला बोलपट ‘आलम आरा’ आला तेव्हा हीरो तेच होते, इतका या प्रकाराचा दबदबा होता. पण आज मराठीत स्टंट म्हणजे ‘राजकीय स्टंट’, ‘पब्लिसिटी स्टंट’, ‘स्टंटबाजी’, म्हणजे दिखाऊ आणि खोटं. जे काम करताना माणसांची हाडं मोडायची त्या कामाच्या नावाला खोटेपणाचा अर्थ चिकटावा याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता नायिका. इथे खरा पेच आहे.

व्युत्पत्ती बघितली तर काहीच अडचण नाही. नी म्हणजे नेणे, नेतो तो नायक, नेते ती नायिका, दोघांचा हक्क सारखाच. पण शब्द काही नुसत्या धातूवर जगत नाहीत, ते कुणाबरोबर राहिलेत त्याने त्यांचा स्वभाव ठरतो. आपल्या काव्यशास्त्रात नायकाचे चार प्रकार सांगितलेत, धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत, धीरोद्धत. चारही ‘धीर’ने सुरू होतात आणि चारही त्याच्या स्वतःच्या स्वभावावरून पाडलेत. नायिकेचे सगळ्यात गाजलेले आठ प्रकार म्हणजे वासकसज्जा, विरहोत्कंठिता, स्वाधीनभर्तृका, कलहांतरिता, खंडिता, विप्रलब्धा, प्रोषितभर्तृका, अभिसारिका. हे आठही प्रियकर कुठे आहे, आला का, गेला का, भांडला का, यावरून ठरतात. त्यातल्या त्यात एकटी अभिसारिका घराबाहेर पडते, काळोखात, पावसात, सापकिरडांतून वाट काढत, म्हणजे धाडस म्हणाल तर तिच्याकडे पुरेपूर आहे, पण निघालेली असते प्रियकराकडेच. तेव्हा तपासणाऱ्यांना ‘नायिका’ शब्दात गाणी ऐकू आली हे उगाच नाही.

बोलण्यातल्या हीरो-हिरॉईनचं तर अजूनच. ‘स्वतःला काय हीरो समजतोस का’ हे आपण कोणाला म्हणतो, जो अंगावर येतो, पुढे घुसतो त्याला. आणि ‘कुठची हिरॉईन लागून गेलीय’ हे कोणाला, जी आरशासमोर वेळ लावते तिला. म्हणजे एक शब्द करण्याबद्दल बोलतो आणि दुसरा दिसण्याबद्दल. ‘हीरोगिरी’ आहे, ‘हिरॉईनगिरी’ मी तरी कधी ऐकलेलं नाही. तसंच ‘नायिकाप्रधान’, ‘स्त्रीप्रधान’ सिनेमा असं सर्रास छापतात पण ‘पुरुषप्रधान सिनेमा’ असं परीक्षणात कुणी लिहीत नाही, ते विशेषण आपण संस्कृतीसाठी राखून ठेवलंय.

एकदा मी कागद घेऊन बसले आणि लहानपणापासून बघितलेल्या हिंदी देमार पिक्चरच्या गोष्टी आठवून चार-चार वाक्यांत लिहून काढल्या आणि मग नुसती क्रियापदं अधोरेखित केली. हीरोच्या खाली आलं : उडी मारतो, फोडतो, शोधून काढतो, सोडवतो. हिरॉईनच्या खाली : पळवली जाते, बांधली जाते, ओलीस ठेवली जाते, सोडवली जाते. तो सगळा कर्तरीत आणि ती सगळी त्या ‘जाते’वाल्या कर्मणीत. शाळेत प्रयोग शिकताना ‘रावण मारला गेला’ हे उदाहरण पाठ केलं होतं, पण प्रयोग म्हणजे काय हे मला त्या कागदावर कळलं. तेव्हा दोष ‘नायिका’ या नामात कमी आहे आणि तिच्यापुढे आपण कुठली क्रियापदं ठेवली त्यात जास्त आहे, आणि तुमच्या वाक्यात तर क्रियापद आहे ‘लोळवते’. तिथे नाम बदलायची गरजच काय?

कोणी म्हणेल मग ‘वीरांगना’ घ्या. मला तो शब्द या जागी नको वाटतो, कारण अंगना म्हणजे सुडौल अंगाची स्त्री, म्हणजे शौर्य सांगता सांगता परत अंगावर आलोच. ‘रणरागिणी’ आवडता शब्द आहे पण तो ताराराणींना शोभतो, मोर्चाच्या बातमीतही चालतो, रोजच्या परीक्षणात फार उंच होतो. ‘मर्दानी’ आपल्याकडे खेळांना लावतात, कोल्हापूरकडे दांडपट्टा, लाठी, फरी-गदगा हे मर्दानी खेळ, आणि आता मुलीही ते झोकात शिकतात, पण बाईला मर्दानी म्हणणं म्हणजे शौर्य मर्दाकडून उसनं आणलं म्हणण्यासारखंच. ‘स्त्री-नायक’चीही तीच गत आहे. नायक म्हणजे पुरुषच धरायचा आणि मग ही त्यातली स्त्री. ‘लेडी डॉक्टर’ म्हणायचे तसं.

आणि लोकांना असा शब्द लागला होता तेव्हा तो कोशात न बघता मिळाला होता हे मला सांगायचंय. १९३५ साली मुंबईत परळच्या वाडिया मूव्हिटोनने ‘हंटरवाली’ काढला. दिग्दर्शक होमी वाडिया, आणि काम करणारी मेरी एव्हान्स, ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये १९०८ साली जन्मलेली, लहानपणीच हिंदुस्थानात आलेली, सर्कशीत काम केलेली, जिला सगळे फिअरलेस नादिया म्हणून ओळखतात. गोष्टीत ती राजकन्या आहे आणि तिचं नाव माधुरी. म्हणजे गोडवा! राजमहालात ती माधुरी, आणि तोंडावर मुखवटा चढवून अन्याय करणाऱ्यांवर तुटून पडली की हंटरवाली. नावातच अख्खी फिरवाफिरव झालीय.

इंग्रजीत हंटर म्हणजे शिकारी, चाबूक असा अर्थ तिथे नाही, तो आपण दिला. आपल्याकडे आसूड होता, तो शेतकऱ्याचा आणि पोतराजाचा. चाबूक होता, तो टांगेवाल्याचा. हंटर हा साहेबाच्या, फौजदाराच्या, सर्कशीतल्या रिंगमास्तरच्या हातातला, म्हणजे हुकूम चालवणाऱ्याचा. तो बाईच्या हातात दिला आणि पुढे ‘वाली’ लावलं. भाजीवाली, फुलवाली, दूधवाली, या ‘वाली’त कोणाची बायको, कोणाची मुलगी याला जागाच नाही, हातात काय आहे आणि काम काय करते एवढंच. आठ नायिकांच्या यादीत जे बसत नव्हतं ते या बाजारातल्या प्रत्ययाने एका फटक्यात करून टाकलं. पुढच्याच वर्षी ‘मिस फ्रंटियर मेल’ आला, त्यात नादिया खरोखर रेल्वेच्या टपावर मारामारी करते, आणि तिथे तर नाव पेशावरपर्यंत धावणाऱ्या गाडीचं. (तुमच्या परीक्षणातल्या बाईची पणजी म्हणायला हरकत नाही.) मग १९४३ साली ‘हंटरवाली की बेटी’ आला, म्हणजे वारसा सांगायचा तो आईचा. मला हे फार मोठं वाटतं.

माझी आत्या परळला वाढली. तिच्या शाळेत एका बाईंना मुलींनी हंटरवाली नाव ठेवलं होतं. मी विचारलं छडी मारायच्या का, तर म्हणाली, “छे गं, हात कधी लावला नाही. पण जिन्यावर चपलेचा आवाज आला की तिन्ही वर्ग गप्प.” पिक्चर बघितला होता का विचारलं तर नाही, आत्याने नाही आणि वर्गात कोणीच नाही, तोपर्यंत तो जुना झाला होता, आणि वाडियांची ती परळमधली जागाही व्ही. शांतारामांच्या राजकमल स्टुडिओची होऊन वीस वर्षं उलटली होती. नुसता शब्द मागे राहिला होता, आणि मुलींना त्याचा अर्थ बरोब्बर माहीत होता. आत्या सांगताना नकळत ताठ बसली होती.

तेव्हा नायिका ठेवा. ‘हीरो’ म्हणायचं असेल तर बोलण्यात खुशाल म्हणा, ‘या पिक्चरची हीरो तीच आहे’ हे आता सगळ्यांना कळतं, विशेषतः कॉलेजातली पोरं तसं बिनधास्त म्हणतात आणि ‘हीरो’पुढे ‘ती’ आली तरी अडखळत नाहीत. लिहिताना मात्र ‘स्त्री-नायक’ असा जोडाक्षरासारखा अवघड तुकडा वाक्यात आला की वाचणारा तिथेच थांबतो आणि तोवर टपावरची मारामारी निघून जाते. तपासणाऱ्यांना एवढंच विचारा की ‘नायक चार गुंडांना लोळवतो’ असं वाक्य असतं तर त्यांनी पेन उचललं असतं का.

आणि जमलं तर एक छोटा बदल करा. ‘या देमार सिनेमाची नायिका’ऐवजी ‘या देमार सिनेमातली नायिका’ लिहा. ‘ची’मुळे ती सिनेमाच्या मालकीची वाटते, ‘तली’मुळे ती तिथे आत आहे, टपावर.