पिकअप मागून बसलीय, एक पाटा वाढवू का?

प्रश्न : माझ्याकडे जुनी पिकअप आहे, मागे पाट्यांचं सस्पेन्शन आहे (लीफ स्प्रिंग, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या कमानदार पोलादी पट्ट्या). हल्ली रिकामी गाडीसुद्धा मागून बसलेली दिसते, त्यातही डावी बाजू जास्त. खड्डा आला की मागून धाडकन आवाज येतो आणि माल भरलेला असला की वळणावर शेपूट सरकल्यासारखं वाटतं. एक मेकॅनिक म्हणतो शॉकअप बदला, दुसरा म्हणतो एक पाटा वाढवून घ्या. काय करू?

उत्तर : आधी शॉकअपचं बघू कारण खर्च बहुतेक इथेच वाया जातो. गाडीचं वजन शॉकअप पेलत नाही, पाटे पेलतात. शॉकअपचं काम पाट्यांची उसळी लवकर थांबवायचं. त्यामुळे बसलेली गाडी नवीन शॉकअपने म्हणावी तशी वर येणारच नाही. त्यावर तेल ओघळलेलं असेल तर जरूर बदला, पण तुमचा मूळ आजार तो नाही.

पाटा वाढवायलाही माझा विरोध आहे. जुने पाटे सपाट झालेत आणि नव्याला पूर्ण कमान आहे, मग भार सगळे मिळून वाटून घेत नाहीत, एकावरच जास्त ताण येतो आणि रिकामी गाडी उड्या मारते ते वेगळंच. शिवाय पाटा वाढवला म्हणजे गाडी जास्त माल न्यायला लायक झाली असं अजिबात नाही, कारण अ‍ॅक्सल, टायर, ब्रेक, चेसिस सगळं तेच आहे ना.

आता खरी तपासणी. रिकामी गाडी सपाट जागेवर लावा, दोन्ही टायरची हवा सारखी करा आणि मागच्या चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्हीकडे टेप लावून मोजा, किती बसलीय ते आकड्यात कळेल. मग तारेच्या ब्रशने पाटे साफ करून बॅटरीच्या उजेडात नीट बघा. तडा बहुतेक वेळा सेंटर बोल्टच्या (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणारा बोल्ट) किंवा यू-बोल्टच्या (पाटे अ‍ॅक्सलला आवळून धरणारे U आकाराचे बोल्ट) आसपास असतो, नाहीतर मेन पाट्याच्या डोळ्यापाशी, म्हणजे टोकाच्या गोल वळलेल्या भोकापाशी, आणि तिथे गंजाची बारीक रेघ दिसते. बुश (डोळ्यात बसणारी रबरी नळी) आणि शॅकलमध्ये (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी हलती कडी) पहार घालून हलवून बघा, रबर फाटलेलं असेल किंवा पिन खेळत असेल तर धाडकन आवाजाचं एक कारण तिथेच सापडेल. दुसरं कारण म्हणजे पाटे इतके बसलेत की अ‍ॅक्सल वर बंप रबरावर (चेसिसखालचा धक्का झेलणारा रबरी ठोकळा) आपटतो.

पण मला जास्त काळजी आहे ती शेपूट सरकण्याची. सेंटर बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलवरच्या बैठकीच्या भोकात बसतं आणि अ‍ॅक्सल जागेवर राहतो, पण दाबून धरायचं काम यू-बोल्टचं, आणि ते ढिले झाले की सगळा ताण त्या बारक्या सेंटर बोल्टवर येऊन तो तुटतो, मग अ‍ॅक्सल पुढेमागे सरकतो. पुढची चाकं सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्याच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी मोजा. ठळक फरक आला तर काम होईपर्यंत गाडीत माल भरूच नका, प्लीज.

पाटे बदलायचे तर दोन्ही बाजूंचे एकदम बदला. तडा गेलेल्या पाट्याला वेल्डिंग नको आणि बसलेला पाटा गॅसवर तापवून कमान देणंही नको, त्या पोलादाचं पाणी, म्हणजे त्याला दिलेला कडकपणा, उतरतं आणि पाटा परत बसतो किंवा मोडतो. उघडताना चेसिस दोन्हीकडून घोडीवर (टेकूच्या स्टँडवर) घ्या आणि अ‍ॅक्सलला वेगळा जॅक द्या, नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली कोणी शिरायचं नाही. अ‍ॅक्सल खाली सोडताना ब्रेकच्या होजवर ताण येत नाही ना ते बघत राहा. यू-बोल्ट नवीनच टाका, जुने ताणलेले असतात, आणि आलटून पालटून समोरासमोरचे नट थोडे थोडे आवळा.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. रबर बुशचे बोल्ट गाडी उचललेली असताना फायनल टाइट करायचे नाहीत. नुसते बसवा, गाडी चाकांवर उतरवा, तिचं वजन पाट्यांवर येऊ द्या आणि मगच मॅन्युअलमधल्या टॉर्कने (आवळण्याच्या ठरलेल्या जोराने) आवळा. लटकत्या अवस्थेत आवळले तर गाडी खाली आल्यावर बुश कायमचा पिळलेला राहतो आणि नवीन बुश लवकरच फाटतो, मग लोक पार्टला शिव्या देतात. काही शे किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट परत एकदा चेक करा.

अजून एक, काही पिकअपमध्ये मागच्या अ‍ॅक्सलला दांडी जोडून लोडप्रमाणे मागच्या ब्रेकचं प्रेशर कमीजास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. मागची उंची बदलली की त्याची सेटिंग तपासून घ्यावीच लागते. हेडलाइटचा झोतही बघा.

प्रश्न : पाट्यांमधून करकर आवाज येतो, ग्रीस फासू का?

उत्तर : उघड्या पाट्यांवर ग्रीस फासलं की धूळ आणि वाळू चिकटते आणि पाटे जास्त घासतात. पाट्यांच्या टोकाला प्लास्टिकचे पॅड असतील तर ते झिजलेत का बघा आणि बदला. रबर बुश करकरत असेल तर त्याला साधं ग्रीस लावू नका, रबर फुगतं, त्याला सिलिकॉनचंच लागतं. शॅकल पिनला ग्रीस भरायचं निपल असेल तर मात्र तिथे ग्रीसगनने जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारा.