स्क्रोल सॉचं (नक्षी कापायच्या यांत्रिक करवतीचं) ब्लेड ताण देऊनही सैल का पडतं?

ताणाचा नॉब पिळत बसू नका, आधी ब्लेडची टोकं धरणारे क्लॅम्प बघा. सुरुवातीला ताठ असलेलं ब्लेड कापता कापता सैल पडून रेघ सोडत असेल, तर बहुधा ते क्लॅम्पमधून सरकतंय. नव्या बिनपिनच्या (टोकांना आडवी पिन नसलेल्या) ब्लेडला तेलाचा हात असतो. प्लग काढा, ब्लेडची दोन्ही टोकं थिनरने पुसा, पॉलिश पेपरवर जरा घासा. क्लॅम्पच्या स्क्रूचं टोक चकचकीत झालं असेल तर तेही घासा. हे कुणी करतच नाही!

मग ब्लेड बोटाने छेडा. तारेसारखा स्वच्छ ‘टिंग’ हवा, बसका आवाज म्हणजे ताण कमी. बाजूने दाबल्यावर साधारण ३ मिमीपेक्षा जास्त हलू नये. क्लॅम्पपाशीच सारखं तुटत असेल तर ताण जास्त आहे किंवा ब्लेड तिरकं बसलंय.