मधुचंद्रावरचे मौन आणि न विचारता घेतलेला निर्णय

प्रिय मैत्रीण,

तुमचे चार पानी पत्र दोनदा वाचले. फेब्रुवारीत तुमचे रीतसर पाहून-ठरवून लग्न झाले आणि जूनमध्ये तुम्ही दोघे कॅनडातल्या व्हँकूव्हरहून सात रात्रींच्या अलास्का क्रूझवर गेलात. त्या प्रवासात तुमचे पती तासन्‌तास डेकवर उभे राहून डोंगर आणि बर्फ पाहत राहिले, तुमच्याशी कामापुरतेच बोलले, आणि ठाण्याला परतल्यावर मात्र भेटेल त्या नातेवाइकाला ‘आयुष्यातला सर्वांत सुंदर आठवडा’ म्हणून सांगत सुटले. ज्या आठवड्यात मी केबिनमध्ये दोनदा रडले, तो यांचा सर्वांत सुंदर आठवडा कसा, असे तुम्ही विचारता. आणि पत्राच्या शेवटी, जरा बारीक अक्षरात, आपण चुकीच्या माणसाशी लग्न केले का, असेही.

एका आठवड्याच्या मुक्कामावरून या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणे मला शक्य नाही आणि तुम्हीही ते देऊ नये. साखरपुड्यापासून लग्नापर्यंत तुमची ओळख मुख्यतः फोनवर झाली, असे तुम्हीच लिहिले आहे. लग्नानंतरही घरात सासू-सासरे, रोजची ऐरोली-बेलापूरची ये-जा आणि शनिवार-रविवारची आमंत्रणे यांमुळे तुम्ही दोघेच असे फारसे राहिला नव्हता. अशा दोघांना एकाएकी एका लहानशा केबिनमध्ये आठवडाभर ठेवले, की जे अवघडलेपण एरवी वर्षभरात थोडे थोडे विरघळते ते एकदम अंगावर येते. त्यात अलास्काच्या आणि ठाण्याच्या वेळेत साडेतेरा तासांचे अंतर. तुमचे रात्रीचे जेवण उरकून आईशी बोलावेसे वाटे, तेव्हा इकडे दुसऱ्या दिवशीची सकाळची धांदल चाललेली असे, आणि दोन बंदरांच्या मधल्या पट्ट्यात तर फोनला रेंजच नसे. जूनमध्ये त्या भागात रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि पहाटे चारच्या सुमारास पुन्हा उगवतो. झोपेचे गणित बिघडलेले मन लहानसहान गोष्टींनीही हळवे होते. तुमच्या रडण्यात या सगळ्याचा वाटा होता, हे आधी मान्य करा.

आता ग्लेशियर बे या अलास्कातल्या उपसागरातल्या राष्ट्रीय उद्यानात काढलेल्या त्या दिवसाविषयी, कारण तुमच्या पत्राचे सव्वा पान त्यावरच आहे. मार्जरी हिमनदीसमोर जहाज थांबले आणि तुमचे पती तासभर एक शब्दही बोलले नाहीत, हा तुमच्या लेखी त्यांच्या अलिप्ततेचा पुरावा आहे. मला तो तसा वाटत नाही. ती हिमनदी सुमारे ३४ किलोमीटर लांब असून पाण्यावर दिसणारी तिची भिंत सुमारे ७५ मीटर उंच, म्हणजे वीस-बावीस मजली इमारतीएवढी आहे. त्या भिंतीचा कडा कधी सुटून पडेल हे कोणालाच सांगता येत नसल्यामुळे डेकवरचे सगळेच प्रवासी श्वास रोखून बसतात. बर्फ पडताना आधी दिसतो आणि जहाज दूर असल्यामुळे त्याचा गडगडाट क्षणभराने ऐकू येतो. तेथील मूळ रहिवासी असलेले त्लिंगित लोक त्या आवाजाला ‘पांढरी मेघगर्जना’ म्हणतात. १७९४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकूव्हरच्या मोहिमेने हा भाग पाहिला तेव्हा आजचा उपसागर जवळजवळ पूर्णपणे बर्फाखाली होता, आणि १८७९ मध्ये निसर्गअभ्यासक जॉन म्यूर तेथे पोहोचला तोवर बर्फ ४० किलोमीटरहून अधिक मागे सरकला होता. जहाजावर आलेल्या उद्यान-रक्षकांनी ही माहिती सांगितली तेव्हा पतींनी ती वहीत लिहून घेतली, असे तुम्ही काहीशा वैतागाने कळवले आहे. शाळेपासून सह्याद्रीत भटकणारा माणूस अशा जागी गप्प होणार नाही तर कुठे होणार? त्या तासात त्यांनी तुमच्याकडे पाठ फिरवली नव्हती. ते तुमच्या शेजारीच उभे होते.

शिवाय तुमच्या तक्रारींच्याच यादीत काही गोष्टी अशा आहेत, ज्या तुम्ही लिहून गेलात पण वाचल्या नाहीत. तुम्ही अंडे खात नाही, हे त्यांनी पहिल्याच संध्याकाळी भोजनकक्षात जाऊन सांगून ठेवले होते आणि तुम्हाला ते तिसऱ्या दिवशी वाढप्याकडून कळले. केचिकन बंदरातल्या पावसात त्यांनी स्वतःचा रेनकोट काढून तुमच्यापुढे धरला आणि ‘घाल’ एवढेच म्हणाले. स्कॅगवे बंदराहून सुटणाऱ्या, १९०० साली पूर्ण झालेल्या व्हाइट पासच्या छोट्या रेल्वेत खिडकीची जागा तुम्हाला देऊन ते स्वतः डब्याच्या टोकाच्या उघड्या सज्जात वाऱ्यात उभे राहिले. ‘घाल’ या एका शब्दापेक्षा चार शब्द जास्त बोलले असते तर बरे झाले असते, हे मलाही मान्य आहे. पण ज्याला बायकोची पर्वाच नाही, त्याची ही वागणूक नव्हे. मैत्रिणींच्या मधुचंद्राची छायाचित्रे शेजारी ठेवून या गोष्टी मोजू नका. छायाचित्रात कोणीच गप्प दिसत नाही.

एवढे सगळे त्यांच्या बाजूने लिहिल्यावर ज्या ठिकाणी त्यांची बाजू मला अजिबात घेता येत नाही, तिकडे वळते. तुमच्या पत्राच्या दुसऱ्या पानावर, दोन ओळींत, तुम्ही सहज लिहून टाकले आहे की ही क्रूझ त्यांनी लग्नाआधीच, तुम्हाला न विचारता ठरवली होती. तुमच्याकडे कंपनीच्या कामासाठी काढलेला अमेरिकेचा व्हिसा आहे हे बोलण्यातून समजल्यावर त्यांनी आगाऊ रक्कम भरली, आणि कॅनडाच्या व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला जायची वेळ आली तेव्हा कुठे तुम्हाला पत्ता लागला. तुम्हाला चार-पाच दिवस केरळात निवांत घालवायचे होते. आता या सहलीचे हप्ते दोघांच्या संयुक्त खात्यातून वळते होत आहेत. तुमचे खरे दुखणे मला येथे दिसते. जी सहल तुम्ही निवडलीच नव्हती, तिच्यात तुम्ही पहिल्या दिवसापासून पाहुण्यासारख्या वावरलात, आणि मग त्यांच्या प्रत्येक गप्प राहण्यात तुम्हाला तोच न विचारलेला प्रश्न ऐकू येत राहिला.

म्हणून त्यांच्याशी बोलताना ‘तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत’ येथून सुरुवात करू नका. मुळातच मितभाषी असलेला माणूस या वाक्यावर अधिकच मिटून जाईल. ‘तुम्ही मला विचारले नाहीत’ येथून सुरुवात करा, कारण या वाक्याला तारीख आहे, पावती आहे आणि त्याचे उत्तर त्यांना द्यावेच लागेल. तुम्ही दोनदा रडलात हेही सांगा. त्यांना ते ठाऊक नाही, असे पत्रावरून दिसते. सासूबाईंच्या देखत किंवा रात्री अकरा वाजता, दोघेही दमलेले असताना, हा विषय काढू नका. उपवन तलावावर संध्याकाळी चालायला जाता असे तुम्ही लिहिले आहे. चालता चालता, समोरासमोर न बसता बोलणे अशा माणसांना सोपे जाते.

एक सावधगिरी मात्र बाळगा. निसर्गासमोर गप्प होणे वेगळे आणि बायकोने काही विचारल्यावर दिवसेंदिवस अबोला धरणे वेगळे. तुमच्या पत्रात अबोल्याचा एकही प्रसंग नाही, म्हणून मी निर्धास्तपणे लिहिते आहे. तसे काही घडू लागले, तर विवाह-समुपदेशकाकडे दोघांनी मिळून जाण्यात कमीपणा मानू नका, आणि तेव्हा मलाही कळवा.

ताजा कलमात तुम्ही लिहिता, की कासारवडवलीतल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटसाठी ते पुढच्या रविवारी टोकन देणार आहेत आणि तुम्ही अजून तो पाहिलेलाही नाही. हे बोलणे त्या रविवारच्या आधी करा, आणि फ्लॅट स्वतः जाऊन पाहिल्याशिवाय संयुक्त खात्याच्या धनादेशावर सही करू नका.

तुमची,
ताई