मानपत्रातला 'पायोनियर': अग्रेसर, आद्य, प्रवर्तक की जनक?

रावेर तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीला केळीबागायतदाराचे मानपत्र लिहायचे आहे. मसुद्यातली ओळ अशी: 'नाविन्यतेच्या आघाडीवर अग्रसर असणारे पायोनियर शेतकरी'. याला नेमका मराठी शब्द कोणता, असा प्रश्न आहे.

आधी ओळ दुरुस्त करू. 'नवीन'ला 'य' प्रत्यय लागून 'नावीन्य' होते, वी दीर्घ. ते स्वतःच भाववाचक नाम आहे. 'सौंदर्यता' म्हणत नाही, तशीच 'नाविन्यता' नको. शिवाय नावीन्य म्हणजे नुसता नवेपणा. नवे घडवण्याला 'नवोन्मेष' हा शब्द आहे. उन्मेष म्हणजे उमलणे, डोळा उघडणे. संस्कृत काव्यशास्त्राने प्रतिभेची व्याख्याच 'नवनवोन्मेषशालिनी प्रज्ञा' अशी केली आहे. शब्द सुंदर आहे, पण मानपत्र सभेत मोठ्याने वाचायचे असते. तिथे 'नवे प्रयोग' हे दोन शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचतात.

'अग्रसर' आपल्याकडे हिंदीच्या अर्थाने शिरला आहे, आणि बऱ्हाणपूर शेजारी असल्याने रावेर-यावलकडे तो जास्तच कानावर पडतो. हिंदीत 'प्रगति की ओर अग्रसर' म्हणजे त्या दिशेने निघालेला. मराठी 'अग्रेसर' म्हणजे इतरांच्या पुढे असलेला. 'अग्रे' हे सप्तमीचे रूप समासात तसेच टिकले आहे, 'युधिष्ठिर'मधल्या 'युधि'सारखे. त्याच्याआधी 'कशात' ते सांगावे लागते: 'निर्यातक्षम केळीत अग्रेसर'. 'आघाडीवर अग्रेसर' ही द्विरुक्ती झाली; दोन्हींतला एक काढा.

आता मुख्य गोष्ट. 'पायोनियर'मध्ये आपण चार वेगळी कामे कोंबतो: पहिल्यांदा करणे, शोधून काढणे, रुजवणे, आज सर्वांपुढे असणे. मराठीत या चारही कामांना निरनिराळे शब्द आहेत, म्हणून त्या शेतकऱ्याने नेमके काय केले हे आधी विचारावे.

पहिल्यांदा केले असेल तर 'आद्य'. पण हा शब्द पुरावा मागतो. धुळ्याशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले त्या इतिहासाचार्य राजवाड्यांचे उदाहरण घ्या. 1898 पासून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड काढले, तरी त्यांना 'आद्य साधनप्रकाशक' म्हणता येत नाही. 'काव्येतिहाससंग्रह' मासिक 1878 पासूनच जुनी कागदपत्रे छापत होते. राजवाड्यांना 'अग्रणी' किंवा 'धुरीण' शोभतो. धुरीण म्हणजे धुरा वाहणारा. पहिला असण्याशी त्याचा संबंध नाही, भार पेलण्याशी आहे. याउलट फैजपूरचे 1936 चे काँग्रेस अधिवेशन खेड्यात भरलेले पहिलेच होते. तिथे ग्रामीण अधिवेशनांची 'मुहूर्तमेढ रोवली' हे अक्षरशः खरे ठरते.

शोधून काढले असेल तरच 'जनक'. हा शब्द फार सैल वापरला जातो. आधुनिक ठिबक सिंचन इस्राएलमध्ये सिम्खा ब्लास यांनी विकसित केले. जळगावच्या भवरलाल जैन यांनी ते भारतातल्या लहान शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेले. हे काम मुळीच कमी मोलाचे नाही, पण त्याचा शब्द 'प्रवर्तक': चालना देणारा, रुजवणारा. आणि धुळ्याकडच्या पांझरा नदीकाठची फड पद्धत, म्हणजे सामूहिक सिंचनाची जुनी रीत, गावांनी पिढ्यानपिढ्या मिळून घडवली. तिला एकटा जनक शोधूच नये.

'प्रवर्तक'मध्ये मात्र तुमच्यासाठी एक खड्डा आहे. कंपनीच्या कागदपत्रांत प्रवर्तक म्हणजे कंपनी उभी करणारा, भागभांडवलाशी संबंध असलेला माणूस. शेतकरी कंपनीच्याच मानपत्रात हा शब्द आला तर सभासदांचा गैरसमज होईल. 'रुजवणारे' लिहा.

'पुरोगामी'चा मूळ अर्थ पुढे जाणारा असाच, पण तो आता सामाजिक विचारांशी बांधला गेला आहे. शेतीत 'प्रगतिशील' रूढ आहे ('प्रगतशील' नव्हे). 'म्होरक्या' टाळाच, बातम्यांनी त्याला टोळीच्या दावणीला बांधले. 'बिनीचा शिलेदार' मात्र भाषणात झकास वाटतो. बिनी म्हणजे फौजेची पुढची तुकडी, पेशवाईतले बिनीवाले त्यावरूनच. पण बिनीला मागे फौज लागते. एकट्याने प्रयोग करणाऱ्याला तो लावू नये. त्याचे पाहून गाव वळले असेल तर जरूर लावावा.

मसुदा असा करता येईल (ऊतिसंवर्धित म्हणजे टिश्यू कल्चरची): 'तालुक्यात ऊतिसंवर्धित रोपांची लागवड रुजवणारे, घडांना पिशव्या घालण्याचा प्रयोग आपल्या गावात पहिल्यांदा करणारे आणि आज निर्यातक्षम केळीत अग्रेसर असलेले प्रगतिशील शेतकरी'. यातला 'पहिल्यांदा' गावातल्या जुन्या बागायतदारांकडून खात्री करून मगच ठेवा. खात्री झाली नाही, तर 'सुरुवातीच्या काळात' पुरे.